नेमबाज निघून गेल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, माझ्या आयुष्यातली तीसएक वर्षे सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर गेली. जिल्ह्याच्या एका गावात शाळेतल्या मुलींना मी हा खेळ शिकवीत असे. तरी आज बोलणार आहे ते अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाबद्दल. कारण असे की, त्या संघाने २०१९ साली एक चूक केली. तीच चूक मी त्याच्या कितीतरी वर्षे आधी केली होती, आणि ती चूक होती हे मला त्या संघाकडे पाहून कळले.

माझी मुलगी आणि जावई फिलाडेल्फिया शहराजवळ राहतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे तिकडे गेलो. जावईबापू त्या शहराच्या संघाचे निस्सीम भक्त. संघाचे नाव सेव्हन्टीसिक्सर्स. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात मंजूर झाला, त्या सालावरून हे नाव. रात्री जेवणे झाली की आम्ही सासरा-जावई टीव्हीसमोर बसायचो. मला वाटले होते, माझे लक्ष जोएल एम्बीडकडे जाईल. कॅमेरूनहून आलेला हा सात फुटी खेळाडू तेव्हा जगातल्या मोजक्या थोरांपैकी एक होता. पण दोन सामन्यांनंतर मी जावयाला म्हटले, ‘अहो, तो बारका कोण? तो एका जागी उभाच राहत नाही.’

तो होता जेजे रेडिक. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, म्हणजे त्या लोकांत बुटकाच. वय पस्तिशीला टेकलेले. फारशी उंच उडी नाही, अंगात दांडगाई नाही. त्याचे काम एकच, लांबून चेंडू टाकणे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा हिशेब सांगतो. रिंगभोवती जमिनीवर एक मोठी कमान आखलेली असते. तिच्या आतून बास्केट केले तर दोन गुण, बाहेरून केले तर तीन. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत ही रेषा १९७९-८० च्या हंगामात आली. तिथे ती समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, कोपऱ्यात २२ फुटांवर. आपल्याकडच्या मैदानांवर आंतरराष्ट्रीय नियमाने ती आधी सव्वासहा मीटरवर होती, २०१० पासून पावणेसात मीटरवर गेली. आता समजा, लांबून मारलेल्या दहांपैकी चार गेले, तर गुण झाले बारा. जवळून मारलेल्या दहांपैकी पाच गेले, तर दहा. म्हणजे लांबून चाळीस टक्के नेम असलेल्या माणसाची बरोबरी करायची, तर जवळून साठ टक्के नेम हवा. आणि जवळ तर हात वर करून धिप्पाड माणसे उभी असतात.

रेडिकने २०१८-१९ च्या हंगामात तीन गुणांची २४० बास्केट केली. त्या संघाच्या इतिहासातला तो एका हंगामाचा विक्रम ठरला. नेम पडला ३९.७ टक्के, आणि सामन्याला सरासरी गुण १८.१. पण ही झाली कागदावरची गोष्ट. मी जे पाहिले ते कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

एम्बीड चेंडू घेऊन कमानीच्या वरच्या बाजूला उभा राहायचा. रेडिक कोपऱ्यातून पळत सुटायचा. त्याच्या पाठोपाठ त्याला अडवणारा गडी. रेडिक एम्बीडला इतका घासून जायचा की मध्ये कागद ठेवायलाही जागा राहू नये, आणि जाता जाता एम्बीड चेंडू फेकण्याऐवजी हातोहात त्याला द्यायचा. मागून पळत येणारा गडी एम्बीडच्या अंगावर अडकायचा. आता प्रश्न पडायचा एम्बीडला अडवणाऱ्या माणसाला. तो रेडिकवर धावून गेला, तर एम्बीड मोकळा होऊन रिंगकडे निघणार. तो एम्बीडपाशीच थांबला, तर रेडिक मोकळ्या हाताने चेंडू टाकणार. दोन्हींकडून मरण. हा निर्णय घ्यायला त्याला जेमतेम पाव-अर्धा सेकंद मिळायचा. एका सामन्यात हे असे किती वेळा घडायचे, ते मोजायचे मी सोडून दिले.

दुसरी गोष्ट याहूनही बारीक. चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असला, तरी रेडिकला अडवणारा गडी त्याला सोडून जायचा नाही. एरवी रिंगखाली एम्बीडला चेंडू मिळाला की शेजारचा एखादा प्रतिस्पर्धी चटकन मदतीला सरकतो आणि दोघे मिळून त्याला घेरतात. रेडिककडचा माणूस सरकायचा नाही. सरकला तर तीन गुण गेलेच. म्हणजे रेडिक नुसता उभा राहूनही समोरच्या पाचांतला एक जण खिळवून ठेवीत होता. चढाईचे अर्धे मैदान ४७ फूट बाय ५० फूट. त्यात दहा माणसे. तिथे एक माणूस दोन पावले दूर ठेवणे म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये खिडकीची जागा धरून ठेवण्यासारखे आहे. आणि ती जागा रेडिक स्वतःसाठी धरीत नव्हता, एम्बीडसाठी धरीत होता.

संघात बेन सिमन्स नावाचा ऑस्ट्रेलियाचा सहा फूट दहा इंचांचा तरुण होता. चेंडू खेळवण्यात पटाईत, पण लांबून तो मारतच नसे. त्याला अडवणारा माणूस बिनधास्त मागे सरकून एम्बीडच्या वाटेत उभा राहायचा. सिमन्समुळे आकसणारी जागा रेडिकमुळे परत मोकळी व्हायची. असा तो तोल होता.

१२ मे २०१९ ला टोरंटोमध्ये उपांत्यपूर्व फेरीचा सातवा, निर्णायक सामना झाला. अखेरच्या क्षणी कवाय लेनर्डने कोपऱ्यातून टाकलेला चेंडू रिंगवर चार वेळा टप्पे घेत आत पडला आणि फिलाडेल्फिया ९२-९० असे हरले. जावई सोफ्यावर तसाच बसून राहिला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, आज त्याला काही विचारू नका.’ टोरंटो पुढे अजिंक्य झाले. म्हणजे फिलाडेल्फियाचा संघ अजिंक्यपदापासून किती दूर होता, तर चेंडूच्या चार टप्प्यांइतका.

आणि तो संघ मोडला.

खेळाडूंचे करार संपले होते. एनबीएमध्ये संघाने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. २०१९-२० साठी ती सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर होती. त्या मर्यादेचे नियम गुंतागुंतीचे आहेत, त्यात शिरत नाही. इतकेच सांगतो की एकाला ठेवायचे तर दुसऱ्याला सोडावे लागते. जिमी बटलर मायामीला गेला आणि त्याच्या बदल्यात तिथून जॉश रिचर्डसन आला. टोबायस हॅरिसशी पाच वर्षांसाठी १८ कोटी डॉलरचा करार झाला. बॉस्टनहून अल हॉरफर्ड आला. तो एम्बीडसारखाच रिंगखालचा उंच खेळाडू. एम्बीडला अडवण्यात तो वाकबगार होता, तेव्हा त्याला आपल्याकडेच घेतले तर ती डोकेदुखीही जाईल, असा त्यात एक हिशेब होता. त्याला चार वर्षांसाठी दहा कोटी डॉलरच्या घरात पैसे मिळाले. रेडिक मात्र दोन वर्षांसाठी २ कोटी ६५ लाख डॉलरवर न्यू ऑर्लिन्सला गेला.

कागदावर पाहिले तर व्यवहार चोख होता. रेडिकचे सरासरी गुण १८.१, तर रिचर्डसनचे मायामीत १६.६. फरक दीड गुणाचा. शिवाय रिचर्डसन नऊ वर्षांनी लहान आणि बचावात कितीतरी सरस. हॉरफर्ड तर नामांकित. संघाची उंची वाढली, बचाव वाढला. त्या वर्षी हा संघ अंतिम फेरीला जाईल, असे अनेक जाणकार सांगत होते. मी तोवर गावी परतलो होतो. तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे लागतात. पहाटे उठायची मला सवयच होती, आता कारण मिळाले.

हंगाम सुरू झाला आणि दिसू लागले की कोपऱ्यातून पळत येणारे कोणी नाही. एम्बीड चेंडू हातात घेऊन उभा, आणि हातोहात द्यायला माणूसच नाही. रिचर्डसनचा लांबचा नेम त्या वर्षी ३४ टक्क्यांच्या आसपास राहिला, हॉरफर्डचा ३५. हे आकडे अगदी टाकाऊ नाहीत. पण आकड्यांच्या पोटात एक फरक दडलेला असतो. मोकळा उभा राहून चेंडू मारणे वेगळे, आणि भरधाव धावत येऊन, वळून, हवेत अंग सावरून मारणे वेगळे. पहिल्या माणसाला प्रतिस्पर्धी उभा राहू देतो, दुसऱ्याच्या मागे त्याला पळावे लागते. हॉरफर्डला अडवणारा उंच गडी निवांत मागे सरकून एम्बीडच्या अंगावर येऊन थांबायचा. सिमन्सकडचा माणूस आधीच तिथे होता. मैदान तेवढेच, पण एम्बीडची जागा मात्र निम्मी झाली होती.

घरच्या मैदानावर हा संघ तरीही भारी होता. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे स्पर्धा थांबली, तेव्हा घरी त्यांचे २९ विजय आणि फक्त २ पराभव होते. बाहेर मात्र १० विजय आणि २४ पराभव. आधीच्या वर्षी सामन्याला २७.५ गुण करणारा एम्बीड २३ वर आला. मग व्हायचे तेच झाले. टीव्हीवरचे जुने दिग्गज म्हणू लागले, याला भूक नाही. लोक म्हणू लागले, वजन बघा, हा मन लावून खेळत नाही. फेब्रुवारीत घरच्याच मैदानावर एम्बीडने एक बास्केट केल्यावर आपल्याच प्रेक्षकांकडे पाहत ओठांवर बोट ठेवले. ते दृश्य मी पहाटे चहा पिता पिता पाहिले आणि कप खाली ठेवला. मला एका मुलीची आठवण झाली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेच्या संघात एक उंच मुलगी होती. रिंगखाली चेंडू तिच्या हातात पडला की बास्केट झालीच. वीस-वीस गुण करायची. त्याच संघात एक बारकी, अबोल मुलगी होती. तिला दुसरे काही येत नसे, पण कोपऱ्यातून लांबून मारलेला तिचा चेंडू जाळीत पडायचा. सामन्याला तिच्या दोन-तीनच बास्केट होत. वडिलांची बदली झाली आणि ती गाव सोडून गेली. मी फारसे मनावर घेतले नाही. सात-आठ गुण करणारी मुलगी गेली, तर तिच्या जागी आणखी एक उंच मुलगी घेऊ, रिंगखाली ताकद दुप्पट होईल. विभागीय स्पर्धेत आम्ही पहिल्याच दिवशी हरलो. माझ्या वीस गुणांच्या मुलीने सहा गुण केले. तीन-तीन मुली तिला घेरून उभ्या होत्या. परतीच्या एसटीत सगळ्यांसमोर मी तिला बोललो. ‘तू आळशी झालीस. तुझे खेळात लक्ष नाही.’ ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. दहावीचे वर्ष आहे, असे तिच्या आईने कळवले. मी ते खरे मानले, कारण ते मानणे मला सोयीचे होते.

फिलाडेल्फियाचा तो हंगाम पाहताना मला पहिल्यांदा समजले की त्या दिवशी ती कमी खेळली नव्हती. तिची जागा मी काढून घेतली होती.

मंडळी, या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे. नाही तर तुम्हाला वाटेल की गेलेला माणूस परत मिळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनने फिलाडेल्फियाला चार सामन्यांत सरळ हरवले. सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, हेही खरे. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक ब्रेट ब्राउन यांची नोकरी गेली. त्यांच्या जागी डॉक रिव्हर्स आले, आणि संघबांधणीची सूत्रे डॅरिल मोरी यांच्याकडे गेली. मोरी यांनी नोव्हेंबरमध्ये एकाच रात्रीत दोन सौदे ठरवले. हॉरफर्डला ओक्लाहोमा सिटीकडे पाठवून लांबून मारणारा अनुभवी डॅनी ग्रीन घेतला. हॉरफर्डचा करार इतका जड होता की तो तिकडे जावा म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीतला पुढचा एक हक्कही सोबत द्यावा लागला. दुसऱ्या सौद्यात रिचर्डसनला डॅलसकडे देऊन सेथ करी घेतला.

सेथ हा विख्यात स्टीफन करीचा धाकटा भाऊ. २०१३ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव कोणीही पुकारले नव्हते. उंची सव्वासहा फुटांच्या आत. आणि गंमत म्हणजे तो नव्या प्रशिक्षकांचा, रिव्हर्स यांचा, सख्खा जावई. त्या दिवशी आमच्या जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, ‘बाबा, आमच्या संघाला घरजावई मिळाला!’

विनोद बाजूला ठेवू. करीचा पगार वर्षाला साधारण ऐंशी लाख डॉलर होता, म्हणजे हॉरफर्डच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नाव मोठे नाही, गुणही रेडिकपेक्षा कमी, सामन्याला १२.५. पण तो पळत येऊन लांबून मारायचा, आणि त्याचा नेम ४५ टक्के पडला. त्याला सोडून जायची कोणाची हिंमत नव्हती. ग्रीनचा नेमही चाळीस टक्क्यांवर राहिला. मैदान पुन्हा मोकळे झाले. एम्बीड सामन्याला २८.५ गुणांवर गेला, आणि वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. संघ ७२ पैकी ४९ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला आला. वीस वर्षांनी. तोच एम्बीड, तेच पाय, तेच वजन. आदल्या वर्षी ज्याला भूक नव्हती, त्याला आता ती कुठून लागली?

तरीही त्यांना अजिंक्यपद मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. जून २०२१ मध्ये अटलांटाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात २६ गुणांची आघाडी असूनही ते हरले. त्या दिवशी एम्बीडने ३७ आणि करीने ३६ गुण केले होते. मालिका सातव्या सामन्यात गेली आणि तोही हातातून निसटला. सिमन्स रिंगखाली उभा असूनही चेंडू टाकायला बिचकला, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. एक छिद्र बुजवले म्हणून होडी तरतेच असे नाही, दुसरे उघडेच होते. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सिमन्सबरोबर करीलाही ब्रुकलिनकडे देऊन टाकले आणि जेम्स हार्डन हा मोठा तारा आणला. रेडिकने २०२१ मध्ये निवृत्ती घेतली. २०२४ साली तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा प्रशिक्षक झाला. याचे मला आश्चर्य वाटले नाही. सबंध कारकीर्द मोकळ्या जागेच्या शोधात पळत राहिलेल्या माणसाला मैदान कळायचे नाही तर कोणाला?

मग गेलेल्या नेमबाजाची जागा भरायची कशी? मी माझ्यापुरते उत्तर काढले आहे. त्याचे गुण किती होते, हे शेवटी विचारावे. आधी विचारावे की तो मैदानावर असताना दुसऱ्या कोणाचे काम सोपे होत होते, आणि ते कशामुळे. रेडिकमुळे एम्बीडचे होत होते, आणि ते त्याच्या पळण्यामुळे व नेमाच्या धाकामुळे. तेवढे काम करणारा माणूस शोधावा. तो नावाने लहान असला, उंचीने कमी असला, स्वस्त असला तरी चालेल. सर्व बाबतींत सरस, पण तेच एक काम न करणारा माणूस आणला, तर संघ कागदावर वाढतो आणि मैदानावर आकसतो. आणि ज्याचे गुण घटले त्याला बोल लावण्यापूर्वी, त्याच्या आजूबाजूचे कोण निघून गेले आहे ते पाहावे.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका लग्नात ती उंच मुलगी भेटली. मुलगी कसली, आता तिचीच लेक कॉलेजात आहे. तिने वाकून नमस्कार केला. मी तिला बाजूला घेऊन खुर्चीवर बसवले आणि ही सगळी फिलाडेल्फियाची कहाणी सांगितली, एम्बीड, रेडिक, करी, सगळी. तिला काही कळेना, सर हे आपल्याला का सांगताहेत. शेवटी मी म्हटले, ‘त्या दिवशी एसटीत तुला बोललो ना, ते चुकीचे होते. तुझी काही चूक नव्हती. ती कोपऱ्यातली मुलगी गेली होती, आणि मला ते दिसले नाही.’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सर, मला तेव्हाही तेच वाटत होते. तिच्याशिवाय माझ्याकडे चेंडूच येत नव्हता. पण तुम्हाला सांगणार कोण?’